अक्षतांपुरता साज

डोळा लागतोय की नाही, ते माझं मलाच कळत नाही. कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीत मी गादीवर आडवी झालेय. बाहेर मांडवात कुणीतरी माइक तपासतंय, हॅलो हॅलो म्हणतंय, आणि प्रत्येक हॅलो आधीच्यापेक्षा जरा लांबून येतंय. मुहूर्त गोरजाचा आहे. तोवर पडून घे, असं गिरिजानं मला दटावून सांगितलंय. लग्न तिचं आणि दम मला.

गिरिजा माझ्या थोरल्या जाऊबाईंची मुलगी. जाऊबाई, म्हणजे आमच्या विजयमालाअक्का, गेल्या दिवाळीनंतर गेल्या. आमच्याकडे कन्यादानाला जोडीनंच बसावं लागतं, एकट्या बापाला बसता येत नाही. म्हणून आज आईबापाच्या पाटावर मी आणि माझा नवरा. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण काल गिरिजानं आईच्या दागिन्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, काकू, उद्या यातलं सगळं घालायचं. मी मनगटावरचं घड्याळ आणि गळ्यात बारीक मंगळसूत्र एवढ्यावर संसार काढलेली बाई. नटण्याची हौस अक्कांना. साडी नेसली म्हणजे निम्मंच काम झालं, असं त्या म्हणायच्या, आणि उरलेल्या निम्म्याला दुप्पट वेळ लावायच्या. त्यांचं अंगावर घालायची मला भीती वाटते, हे पोरीला कुठल्या तोंडानं सांगू? डबा उशाशी आहे. मी तो अजून उघडलेला नाही.

"अशा मोकळ्या गळ्यानं मांडवात जाणार व्हय गं?"

अक्का आरशापुढं उभ्या आहेत. मला त्याचं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते त्यांच्या अंगावर काहीच नसल्याचं. हिरवी साडी तेवढी आहे. गळा रिकामा, कान रिकामे, नाकाचं भोक उघडं. आजारपणातसुद्धा त्यांना असं कुणी पाहिलं नव्हतं. त्या आहेत त्यापेक्षा लहान दिसतात.

मी डब्याकडं बोट दाखवते. त्या मान हलवतात. ते नुसतं सोनं, म्हणतात, आणि न्हाणीघराचं दार ढकलून आत जातात. मी त्यांच्या मागं जाते, तर आत गुजरी आहे, आमची सोन्याचांदीची पेठ. सराफांची सगळी दुकानं उघडी, दिवे लागलेले, माणूस एकही नाही. काचेमागं दागिने मांडायच्या मखमली माना ओळीनं ठेवल्यात. डोकं नाही, हात नाहीत, फक्त माना आणि त्यांवर साज, ठुशी, बोरमाळ. रंगपंचमीच्या साड्या घ्यायला आलो तेव्हा याच रस्त्यावर अक्कांनी मला ऊन लागेस्तोवर फिरवलं होतं. आत्ता रस्त्यावर ऊन नाही आणि सावलीही नाही.

अक्का एका मानेवरचा साज अलगद काढून घेतात. साज निघतो तशी ती मान आवंढा गिळते.

"बस खाली. मान वर कर."

मी बसते ती चटईवर. चटई आमच्या घरच्या सोप्यात अंथरलेली आहे. खुर्च्या भिंतीला लावल्यात, टीव्हीवर टॉवेल टाकलाय. कडेनं बायका बसल्यात, सगळ्या पाठमोऱ्या. अक्का माझ्या पाठीशी येऊन साजाची दोरी आवळतात. त्यांची बोटं मानेला लागतात, ती गार नाहीत, गरमही नाहीत. त्या नेहमीसारखं सांगत राहतात, की साज गळ्याशी नको, जरा खाली हवा, वर ठुशी येते. एकावर एक चढलं की बाई झाकली जाते, म्हणून दोहोंच्या मधे बोटभर गळा उघडा ठेवायचा. मला हसू येतं. मी म्हणते, अक्का, तुम्ही तिकडं जाऊनही बदलला नाहीत.

ते मी म्हणते खरं, पण आवाज त्यांचा निघतो.

मी गळ्याला हात लावते. त्या माझा हात बाजूला करून कुड्या घालतात. उजव्या कानात कुडी बसते आणि माइकवाल्याचं हॅलो निम्मं होतं. डाव्या कानात बसते आणि ते थांबतंच. त्याच्या जागी दुसरं काही ऐकू येत नाही, आणि ते नाही हेच फार मोठ्यानं ऐकू येतं. मग नथ. माझं नाक टोचलेलं नाही, तरी नथ बसते, दुखत नाही, आणि मला एकदम ओल्या लाकडाच्या धुराचा वास येतो. मग तो सोपा कुठल्या दिवसाचा, ते मला ओळखू येतं. त्या दिवशी आम्ही अक्कांना इथंच, याच चटईवर सजवलं होतं. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी, मळवट, बांगड्या. पाठमोऱ्या बसलेल्यांत एक मी आहे. माझी पाठ मला ओळखता येते.

अक्का माझ्या पायांशी बसतात. माझी जोडवी काढून बाजूला ठेवतात आणि पदराच्या गाठीतून स्वतःची काढतात. मी पाय आखडून घेते.

"शैला, मला अक्षतांपुरतंच जायाचंय. पोर माझ्या हातानं द्यायची आणि परत फिरायचं."

तोवर मी कुठं, असं मी विचारते. त्यांच्याच आवाजात त्यांनाच विचारते. त्या चटईवर हात ठेवतात. हितं, म्हणतात. आणि परत नाही आलात तर? अक्का आयुष्यात कधी खोटं बोलल्या नाहीत. आत्ताही बोलत नाहीत. नुसतं जोडवं बोटांत फिरवत राहतात.

मला त्यांची दया येते आणि त्यांची मरणाची भीती वाटते, दोन्ही एकदम. पोर त्यांची आहे. तिच्यासाठी त्यांनी एकेक मणी जमवला, आणि देण्याच्या वेळेला पाटावर मी. त्या जागी मी असते तर मीही कुणाचे तरी पाय धरले असते. पण बाहेर माझा नवरा धोतराचा घोळ घालत असेल, मला संध्याकाळचा तो मांडव बघायचाय, जेवायचंय, म्हातारं व्हायचंय. पाय दिले तर मी उठणार नाही, एवढं मला चटईवरूनच कळतं. पाठमोऱ्या बायका हळूहळू वळायला लागल्यात.

"अक्का, पाय नाही देणार," मी म्हणते. "हात घ्या. उजवा. दान त्यानंच करायचंय."

त्या माझ्याकडं बघतात. मग जोडवी परत पदराच्या गाठीत बांधून माझा हात मांडीवर घेतात, कासार घेतो तसा, अंगठा आत दाबून, आणि कुठूनशा आणलेल्या बांगड्या चढवू लागतात. हाडं एकमेकांवर सरकतात. कोपरापासून खाली माझं मला काही जाणवेनासं होतं.

"हॅलो, हॅलो," माइकवाला अगदी कानाशी म्हणतो.

मी गादीवर उठून बसते. गळ्यात माझं मंगळसूत्र तेवढं, कान मोकळे. खोलीत उदबत्तीचा आणि मोगऱ्याचा वास आहे. मी नाक चाचपते, नवऱ्याला हाक मारून बघते, आवाज माझाच आहे. मग उजवा हात दिसतो. काल कासारानं भरलेल्या माझ्या बांगड्या त्यात नाहीत. दुसऱ्याच आहेत, गडद हिरव्या, मनगटाला घट्ट बसलेल्या. अक्कांचं मनगट लहान मुलीएवढं होतं आणि माझा पंजा रुंद, या मापाची बांगडी माझ्या अंगठ्यापाशीच अडायची. मी साबण लावून बघते, तेल लावून बघते. एकही हलत नाही. वाढवायच्या म्हटलं तर दारात मांडव आहे, लग्नघरात हिरव्या बांगड्या वाढवत नाहीत. अक्षता पडेपर्यंत तरी त्या हातात राहणार. त्यानंतरचं मी मनात आणत नाही.

दार उघडून गिरिजा आत येते. शालू नेसलेली, डोळे सुजलेले. खोपा घालणारी बाई अजून पोचली नाही, असं म्हणते आणि माझ्यापुढं पाठ करून बसते. मला साधी वेणीसुद्धा धड येत नाही, हे तिला ठाऊक आहे. मी तसं सांगणार, तेवढ्यात उजवा हात पुढं होतो. तो केस घेतो, भाग करतो, पीळ देतो, आणि डाव्या हाताला बोटानंच खुणावतो की धर हे. मी धरते. गिरिजा डोळे मिटून मान मागं टाकते.

"आई, ओढू नकोस, जरा सैल कर की."

मी काहीच करत नाही. हात सैल होतो.