हातोडीतून सुटलेला पाइप

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला पाइपने खाल्लं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्या हाताचं कौतुक केलं तर कुणी गैरसमज करून घेणार नाही.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. गल्लीत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. दिवसभर उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत वंगणाने माखलेले दोर तपासायचे आणि घरी आले, हात धुतले, की स्वयंपाकघरामागच्या बंद गॅलरीत जाऊन बसायचे. तिथे लाकूड पकडायचा शिकंजा, लहानशी ऐरण, चार कानशी, हाताने फिरवायचं गिरमिट आणि पॉलिश पेपरचे तुकडे. तंबाखू ओढायचे लाकडी पाइप करायचे ते. हौस म्हणून. कुणी पैसे देऊ केले की म्हणायचे, "विकला की धंदा झाला. धंदा मी लिफ्टच्या खड्ड्यात करतोच आहे."

लाकूड म्हणजे कुठल्याशा झुडपाच्या मुळाची गाठ. दगडासारखी टणक. तिचे ठोकळे माळ्यावर वर्षानुवर्षं वाळत पडलेले असत आणि ताईच्या गाद्या पलंगाखाली. "माणसांपेक्षा लाकडांची बडदास्त जास्त," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. तेही हसायचे.

पाइपमध्ये खरं काम दोन छिद्रांचं. एक वरून, तंबाखू भरायच्या वाटीचं. दुसरं दांडीतून, बारीक. दोन्ही वाटीच्या अगदी तळाशी भेटली पाहिजेत, आणि आत तर दिसत नाही काही. दांडीच्या टोकाला ओठांत धरायची चोच बसवून झाली की भाऊजी रिकामा पाइप तोंडात धरायचे, डोळे मिटायचे आणि ओढून बघायचे.

"त्यापेक्षा तार घालून बघा की," मी एकदा शहाणपणा केला.

"तार काय, कुठूनही जाते, मेहुणीबाई. छिद्र वर निघालं तरी जाते, तिरकं असलं तरी जाते. श्वास नाही जात." मग त्यांनी बोळक्या म्हाताऱ्यासारखे गाल आत ओढून दाखवले. "ओढणाऱ्याचे गाल असे झाले की समजायचं, पाइप घट्ट आहे. मोकळा असेल तर गाल जागचे हलत नाहीत."

घट्ट निघालेला पाइप ते ठेवत नसत. दिसायला कितीही देखणा असो, ऐरणीवर ठेवून हातोडी. एका पाइपवर लाकडाच्या रेषा अशा सुरेख उतरल्या होत्या, की ताईच्या तोंडूनसुद्धा "हा छान आहे हो" निघून गेलं. पाइपबद्दल तिने काढलेला तेवढा एकच बरा शब्द. भाऊजींनी ओढून बघितलं, गाल आत गेले आणि दोन घावांत त्याचे तुकडे झाले. त्या दिवशी ताई त्यांच्याशी बोलली नाही.

ते स्वतः पाइप ओढायचेही, आणि भरपूर. ताई आधी सांगायची, मग भांडायची, मग रडायची. पालथ्या घड्यावर पाणी. "मी धूर छातीत घेतच नाही, तोंडातल्या तोंडात खेळवतो," असं उंटावरच्या शहाण्यासारखं उत्तर. त्या खेळवलेल्या धुराने त्यांचा घसा धरला. आवाज बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि श्वासासाठी गळ्याला खाली एक छिद्र ठेवलं. तोंडाचा आणि छातीचा संबंध कायमचा तुटला.

घरी आल्यावर खुणा ठरल्या. टेबलावर एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. बोलणं गेलं हे त्यांनी मुकाट्याने सोसलं. मग एका सकाळी मी गॅलरीत डोकावले. त्यांनी सवयीने रिकामा पाइप ओठांत धरला होता आणि ओढत होते. गळ्यापाशी हवा सुसकारत होती. पाइपला त्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी तो खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत बसले. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की काय करावं कळेना.

काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आजार पसरलाय, आता हातात काही नाही. त्याच आठवड्यात भाऊजींनी माळ्याकडे बोट दाखवलं. वर एकच ठोकळा उरला होता.

"अजून हौस फिटली नाही?" ताई कडाडली. "जीव गेला तरी चालेल, पण खोड जाणार नाही!" आणि मग स्वतःच शिडी लावून वर चढली.

त्यांचे हात थरथरायचे. कानस कशीबशी चालायची, पण गिरमिट पेलवेना. शेवटी दांडीतलं छिद्र ताईने पाडलं. ते तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे. "सरळ जातंय ना?" ती विचारायची. खांद्यावर एक थाप पडायची, की ती फिरवायची. जिने उभ्या जन्मात पाइपला बोट लावलं नव्हतं, जी फडक्याच्या टोकाने तो सरकवून खालची धूळ पुसायची, तिच्या केसांत लाकडाचा भुसा बसलेला मी पाहिला.

पाइप पुरा झाला ती दुपार मला लख्ख आठवते. मी दारात उभी होते. चोच बसली. तार आरपार गेली. हातोडी ऐरणीशेजारी होती, नेहमीच्या जागी. भाऊजींनी पाइप ताईसमोर धरला.

तिने चोच बाहीला पुसली, पाइप तोंडात धरला आणि ओढला.

तिचे गुबगुबीत गाल दोन्हीकडून आत गेले. चांगले खड्डे पडले.

"मोकळा आहे," ती म्हणाली. "अगदी मोकळा."

भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हातोडी उचलली. त्यांनी हातोडी उलटी धरली आणि तिच्या दांड्याने टेबलावर टकटक केली. एकदाच.

संध्याकाळपर्यंत ते पाइपला मेण लावून चोळत बसले होते. पुढे फार दिवस काढले नाहीत त्यांनी.

ते गेल्यानंतर काही दिवसांनी कोपऱ्यावरचा न्हावी भेटायला आला. भाऊजींचा जुना दोस्त, त्यांनी केलेले दोन पाइप त्याच्याकडे आहेत. आजारपणात घरी येऊन त्यांची दाढी करून जायचा. त्यांचे हाल बघून त्याने तंबाखू सोडली, पण गॅलरीतल्या फळीवरचा तो शेवटचा पाइप हातात येताच सवयीने तोंडात गेला. त्याने ओढून बघितलं आणि चमकला.

"वहिनी, हा घट्ट आहे. मिस्त्रींच्या हातोडीतून हा सुटला कसा?"

"शेवटी शेवटी त्यांना कळत नव्हतं हो," मी घाईघाईने म्हणाले. मला वाटत होतं, पाइप घट्ट आहे हे ताईला ठाऊकच नाही.

"कळत होतं," ताई म्हणाली. "माझे गाल बघत होते ते. आयुष्यभर स्वतःचा एकही घट्ट पाइप सोडला नाही त्यांनी. मी बिघडवलेला तेवढा सोडला."

ते गेल्यापासून पहिल्यांदाच ती रडली. मग न्हाव्याच्या हातातून पाइप घेतला, चोच पुसली आणि तो हातोडीशेजारी ठेवून दिला.