वडगावच्या आंब्यावरची खूण

मागच्या आठवड्यात हायवेच्या कडेचा वाळलेला वड आम्ही क्रेन लावून उतरवला, त्याचा व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितला. आज मात्र वडगावात एका विणकराच्या परसातल्या आंब्याची एकच फांदी कापायला गेलतो. खरं सांगतो, मोठ्या कामानंतर असल्या कामात मन लागत न्हाय.

फांदी मागाच्या खोलीच्या कौलांवर टेकली होती. दहा मिनिटांचं काम म्हणून चढलो आणि खोडाला चिकटून करवत लावली.

खालून घरातले नव्वदीचे अण्णा, आमच्या घराला पहिल्यापासून ओळखणारे, ओरडले, "थांब रं. आदी वरचं बघ."

वर खोडावर वाटीएवढी गोल खूण होती, सालीनं पुरती झाकलेली.

"इंग्रजाच्या काळात तुझ्या आज्ज्यानं कापलेली फांदी ती. मी ल्हान हुतो, हितंच उभा. फांदीच्या बुडाचा फुगवटा सोडून कापायचा त्यो. तरच साल परत चढती म्हणायचा."

आजोबांना मी बघितलेलं नाही. इंग्रजांच्या लष्करी कॅम्पातली मोठमोठी झाडं त्यांनी उतरवली असं घरात ऐकलंय, पण तिथं आता रस्ते झालेत. डोळ्यांनी बघायला उरली ती ही एक खूण.

करवत दोन बोटं बाहेर घेतली. आधी खालून चीर दिली, मग वरून कापलं. साल कुठंच फाटली न्हाय.

वडाच्या जागी आता खड्डा आहे. हा आंबा माझ्यामागंही उभा असणार, माझ्या हातची खूण आज्ज्याच्या खुणेखाली घेऊन.

तुमच्या दारातल्या झाडावर अशी भरून आलेली खूण आहे का? कुणी कापलं होतं, विचारून बघा.