वजनकाटाही जेवायला जातो

या ब्लॉगवर मी आजवर हंपीबद्दल लिहिलं, तारकर्लीबद्दल लिहिलं, एकदा तर उत्साहाच्या भरात लडाखबद्दल तीन भाग लिहिले. यावेळी लिहितेय कुरुंदवाड ते कोल्हापूर या प्रवासाबद्दल. आमच्याकडे माणसं साडी बदलून आणायलासुद्धा कोल्हापूरला जाऊन येतात, त्यावर कुणी प्रवासवर्णन लिहीत नाही. पण पदवीची पोरं आणि एक फ्लेक्सचं पोस्टर घेऊन संशोधन स्पर्धेला जाणं हा वेगळाच प्रकार आहे. पुढच्या वर्षी ज्या शिक्षकांच्या गळ्यात ही माळ पडणार आहे, त्यांनी हे आधी वाचावं.

मी इथल्या एका कॉलेजात गणित शिकवते. गेल्या वर्षी आमच्याकडून स्पर्धेला कुणीच गेलं नव्हतं आणि त्यावरून प्राचार्यांना कुठल्याशा बैठकीत ऐकून घ्यावं लागलं होतं. त्यामुळे यंदा हुकूमच निघाला. मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात विचारलं, तर एकच हात वर झाला, रोहिणीचा. दुसरा हात तिनं शेजारच्या बाकावरच्या संग्रामचा धरून वर केला.

विषय मात्र तिच्याकडे आधीपासून होता. तिच्या वडिलांचा, म्हणजे आण्णांचा, ऊस कारखान्याला जातो. हंगामात ट्रॅक्टर यार्डात शिरला की वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत कधी रात्र जाते, कधी दुसरा दिवसही जातो. आण्णा ट्रॉलीखाली पोतं टाकून झोपतात, घरून डबा जातो, आणि तोडलेला ऊस उन्हात वाळून वजनाला कमी भरतो. रोहिणी आणि संग्राम दिवाळीच्या सुट्टीत गेटवर उभे राहिले. गाड्या कधी येतात, एका गाडीला काट्यावर किती वेळ लागतो, हे टिपत बसले. त्यावरून त्यांनी रांगेचं गणित मांडलं. कारखान्यानं गावागावांना यायच्या वेळा ठरवून दिल्या तर सगळ्यांचाच ताटकळण्याचा वेळ निम्म्यावर येईल, असं उत्तर निघालं.

ते घेऊन रोहिणी कारखान्याच्या ऑफिसात गेली होती. तिथल्या साहेबांनी तिला खुर्चीसुद्धा दिली नाही. म्हणाले, "पोरी, आसं कागद घिऊन कुणीबी येतंय. विद्यापीठाचा शिक्का आण, मग बघू की." तिच्यासाठी स्पर्धा होती ती या शिक्क्यासाठी. शिक्का म्हणजे निवड व्हायला हवी, असं आम्ही तिघांनीही धरून चाललो होतो.

पहिला दिवस

दुपारी इचलकरंजीमार्गे जाणारी एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे संग्राम एकटाच पूर्ण तिकिटाचा मानकरी ठरला आणि ते त्यानं कोल्हापूर येईपर्यंत चार वेळा बोलून दाखवलं. हंगामात हा रस्ता घेणार असाल तर तासभर जादा धरा, कारण पुढे उसाची ट्रॉली असते, तिच्या पुढे दुसरी असते आणि ओव्हरटेक करायला जागा नसते. पोस्टर आम्ही पाइपात गुंडाळून आणलं होतं. शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी तो पाइप दोनदा ठोकून पाहिला आणि संग्रामला विचारलं, "पावणं, बोअरची पाइप हाय व्हय?" संग्रामनं गणित आहे म्हणून सांगितलं. आजोबांनी मान वळवली ती इचलकरंजी आली तरी पुन्हा आमच्याकडे केली नाही.

राहायची सोय विद्यापीठाच्या वसतिगृहात होती. कागदावर. प्रत्यक्षात आमच्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ लग्नाला गेले होते. ते येईपर्यंत आम्ही रंकाळ्यावर जाऊन भेळ खाल्ली. भेळ झणझणीत होती, वाराही चांगला होता, आणि मला दोन्हींचा आनंद घेता येत नव्हता, कारण संग्राम सारखा एकच रेकॉर्ड लावून बसला होता. त्याला थर्माकोलचा कारखाना करून, त्यात मोटर बसवून, छोट्या ट्रॉल्या फिरवायच्या होत्या. बाकी सगळे मॉडेल घेऊन येणार, आपलंच पोस्टर कोरडं दिसणार, असं त्याचं म्हणणं होतं. गणिताला मोटर लागत नाही, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. खरं सांगायचं तर मलाही तीच धास्ती होती.

दुसरा दिवस

सकाळी मिसळ खाल्ली. मी वरचा तिखट कट घेतला नाही, पोरांनी दोनदा घेतला. नोंदणी लवकर करा असं पत्रकात होतं म्हणून आम्ही दार उघडायच्या आधी हजर होतो. असा मूर्खपणा करू नका. उद्घाटन दोन तास उशिरा सुरू झालं, कारण पाहुणे उशिरा आले. मग पाहुण्यांना फेटे बांधले. मग फेटे बांधणाऱ्यांचा सत्कार झाला. यात माझी काही तक्रार नाही, आमच्याकडे फेट्याशिवाय शुभारंभ होतच नाही. पण मांडव एकच होता. परीक्षक एकीकडे पोस्टर तपासायला लागले आणि दुसरीकडे स्टेजवरचे सत्कार चालूच राहिले. लाउडस्पीकर असा सणसणीत होता की पहिल्या गटातली मुलं परीक्षकांच्या कानाशी जाऊन ओरडत होती.

आमचा नंबर चौथा होता. आमच्या एका बाजूला औषधनिर्माणाची मुलं होती, दुसऱ्या बाजूला आपोआप फवारणी करणारं यंत्र. रोहिणी लाउडस्पीकरकडे बघत होती, परीक्षकांकडे बघत होती आणि पोस्टरच्या कडेला पेन्सिलीनं काहीतरी लिहीत होती. तिनं पहिल्या दोन-तीन गटांना लागलेला वेळ पाहिला, उरलेले सत्कार मोजले आणि मला उत्तर सांगितलं. आपण बाराव्या नंबरला गेलो तर स्टेज शांत झालेलं असेल, परीक्षकांचीही घाई संपलेली असेल, निवांत ऐकतील. बाराव्या नंबरवर राधानगरीकडची पोरं होती. त्यांना परतीची गाडी गाठायची घाई होती, ती तर उड्याच मारायला लागली. मीही हो म्हटलं. गणित बरोबर होतं, मी स्वतः तपासलं.

अकरावा गट झाला आणि परीक्षक जेवायला गेले.

कोल्हापुरात पाहुण्याला जेवायला घातलं म्हणजे काय, हे मी बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. तांबडा रस्सा येतो, पांढरा येतो, वाढणारा वाटी भरतो, तुम्ही नको म्हणता, तो पुन्हा भरतो. कुणी उठायला लागलं तर खांदा धरून खाली बसवतात. एकदा का पंगत बसली की घड्याळाला विचारतो कोण. आम्ही पोस्टरपाशी उभे राहिलो. बसायला गेलो आणि तेवढ्यात परीक्षक आले तर, या भीतीनं बसलोही नाही. संग्राम म्हणाला, मोटर असती तर निदान ती तरी फिरत बसली असती. मी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो पाणी आणायला निघून गेला.

रोहिणी मात्र पोस्टरकडे तोंड करून उभी होती. मला वाटलं, रडते की काय. जवळ गेले तर ती पोस्टरवरच्या एका ओळीवर बोट ठेवून उभी. म्हणाली, "मॅडम, काट्यावरची माणसंबी जेवायला जात्यात की. शिफ्ट बदलती तवा काटा बंदच असतोय. आपण ते धरलंच न्हाई." मी ती ओळ वाचली. काटा सतत चालू आहे असं मानू, असं मीच तिला लिहायला सांगितलं होतं, कारण पुस्तकात तसंच असतं. पुस्तकातला काटा कधी जेवत नाही.

परीक्षक आले तेव्हा बाहेर टेम्पोत खुर्च्या चढवायला सुरुवात झाली होती. दोघे होते. त्यातल्या एका सरांचे डोळे अर्धे मिटले होते. आता सगळ्यांनी थोडक्यात सांगा, असं त्यांनी आल्याआल्याच बजावलं आणि वर्किंग मॉडेल कुठे आहे, असं विचारलं. संग्रामनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर दुसरीकडे वळवली. रोहिणीनं रात्रभर पाठ केलेलं भाषण सोडून दिलं आणि सरळ म्हणाली, "सर, ह्यात एक चूक हाय. आत्ता जेवणाच्या सुट्टीत सापडली."

 सरांचे डोळे पूर्ण उघडले. कसली चूक, असं त्यांनी विचारलं. तुम्ही आमच्यापाशी कधी पोचणार याचं आमचं उत्तर कसं चुकलं, ते तिनं आधी सांगितलं आणि तेच काट्यावर कसं होतं, ते मग सांगितलं. पेन्सिलीनं पोस्टरवरच सुधारून दाखवायला लागली. शिफ्ट बदलायच्या वेळेला कुठल्याच गावाला बोलवायचं नाही, एवढं केलं तरी रांग कशी मोडते, हे तिनं तिथल्या तिथं काढलं. दुसरे परीक्षक घड्याळ दाखवत होते. हे सर गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि शेवटपर्यंत वाचत राहिले.

निकालात आमचं नाव नव्हतं. फवारणीच्या यंत्राचं होतं. जाता जाता ते सर मला म्हणाले की मुलगी चांगली आहे, पण चूक स्वतःच कबूल केल्यावर अचूकतेच्या रकान्यात गुण देता येत नाहीत. मी वाद घातला नाही, याचा मला अजून राग आहे.

परतीच्या एसटीत मी सगळा राग पोरीवर काढला. तुला कुणी सांगितलं होतं चूक दाखवायला, त्यांना कधीच कळली नसती, इतके दिवस गेटवर उभी राहिलीस ते कशासाठी, असं बरंच बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चुकीचं गणित घिऊन मी कारखान्यात कशी जाऊ, मॅडम? तिथं आण्णा रांगेत हायत." 

इचलकरंजीच्या अलीकडे ट्रॉल्यांमागे गाडी थांबली, तेव्हा तिनं पिशवीतून सहभागाचं प्रमाणपत्र काढलं. ते सगळ्यांनाच देतात, फवारणीवाल्यांना, आम्हाला, वेळेवर न पोचलेल्यांनाही. खाली कोपऱ्यात विद्यापीठाचा गोल, जांभळा शिक्का होता. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"त्यांनी शिक्का आण म्हटलेलं, मॅडम. नंबर आण म्हटलंच नव्हतं."

घरी

घरी आल्यावर चार दिवस मी या स्पर्धेचं नाव काढू दिलं नाही. जाणाऱ्यांसाठी माझा सल्ला एवढाच: भरपेट खाऊन जा, बसायला पेपर न्या, आणि आपला नंबर कुणाशी बदलू नका.

रोहिणीनं गणित नव्यानं मांडलं आणि प्रमाणपत्र वर ठेवून ती कारखान्यात गेली. साहेबांनी गणित वाचलं नाही. शिक्का बराच वेळ निरखला, खरा आहे का ते खिडकीजवळ नेऊन पाहिलं, आणि एक दिवस, एकाच काट्यावर, तिच्या गावापुरती वेळ ठरवून बघायला हो म्हणाले. पुढं काय करतील ते त्यांनाच ठाऊक. मी विचारायला गेले तर मलाही शिक्का मागतील.

तो ठरलेला दिवस आला, त्या संध्याकाळी मी चहा टाकत होते, तेव्हा रोहिणीचा फोन आला. आईनं आण्णांचा डबा भरून ठेवला होता, यार्डात पाठवायला. तेवढ्यात दारात ट्रॅक्टर वाजला. आई धावत बाहेर गेली, तिला वाटलं वाटेत काही मोडलं. आण्णा म्हणाले, मोडलं काय न्हाई, ऊस घातला आणि आलो. मग ताट करायचं कुणाला सुचलंच नाही. आण्णा स्वयंपाकघरात मांडी घालून बसले आणि डब्यातूनच जेवले.