कपाटातलं नेट

बेडश्यात पावसाळ्यात ढग सरळ घरात येतात. पाहुण्यांना त्याचं फार कौतुक. ते फोटो काढतात, भुशीच्या धरणावर भिजायला जातात आणि आम्ही कपड्यांवरची बुरशी पुसत बसतो. म्हणून आई लोखंडी कपाटात पावसाळाभर एक बल्ब पेटता ठेवते. त्याच्या उबेत साड्या, रेशनकार्ड, काडेपेट्या आणि पापड सुखानं नांदतात.

त्या पावसाळ्यात बायकोला घरबसल्या शिकवायच्या कामाची संधी आली. लग्नाआधी ती वलवणच्या शाळेत शिकवायची. इकडे आल्यावर जाण्यायेण्यातच दिवस सरायला लागला आणि ते काम सुटलं. त्यावर ती कधी बोलायची नाही, पण तिला ते लागलं होतं, हे घरात सगळ्यांना कळत होतं. आता एक तास ऑनलाइन घेऊन दाखवायचा आणि तो पसंत पडला तर काम तिचं.

नेमकी आदल्या दिवशी वीज कडाडली आणि आमचा राउटर गेला. केबलवाला म्हणाला, "सोमवारी बघू." मोबाइलची रेंज तर पावसात आमच्या घरात फिरकतही नाही. नेटची वायर मात्र शाबूत होती. ती माझ्या जुन्या कॉम्प्युटरला लागायची, पण बायकोच्या बारीक लॅपटॉपला ती खोचायला जागाच नव्हती. माझ्या कॉम्प्युटरला विंडोज झेपेना म्हणून मी त्याच्यावर लिनक्स ही हलकी सिस्टिम घातलेली. बायकोकडे विंडोज, आणि तासाचं सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावरच चालणारं. "एका घरात राहून बोलत नाहीत मेले," असं ती या दोघांबद्दल म्हणायची.

मी त्यांना बोलतं केलं. लिनक्सनं वायरीतून नेट घ्यायचं आणि वायफायवरून लॅपटॉपला द्यायचं, अशी सेटिंग बसवली. कॉम्प्युटरला स्वतःचं वायफाय नव्हतं, म्हणून वायफायचं बोटाएवढं यंत्र लांब वायरीला जोडून खिडकीत ठेवलं. संध्याकाळी लॅपटॉपवर नेट आलं. मी दोनदा चहा मागितला आणि दोन्ही वेळा मिळाला.

सकाळी नेट नाही. म्हणजे यायचं, जायचं, पुन्हा यायचं. माझ्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसत होतं, म्हणजे दोष विंडोजचा, यात मला शंकाच नव्हती. मी पासवर्ड बदलला, दोन्ही मशीन बंद करून चालू केली, विंडोजला नाही नाही ते बोललो. बायको ठेवणीतली साडी नेसून, पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. शेवटी ती म्हणाली, "राहू द्या हो. नसेल नशिबात." ती असं बोलणाऱ्यातली नाही.

मग मला खिडकीकडे बघायचं सुचलं. यंत्र तिथं नव्हतं. वायर धरून गेलो, तर ती कपाटाच्या दारात शिरलेली. दार उघडलं. बल्बाशेजारी, आईच्या पांढऱ्या साडीच्या घडीत यंत्र निवांत निजलं होतं. बुद्धजयंतीला नेसायची ती साडी आई आम्हाला हातही लावू देत नाही.

"आई, हे इथं कुणी ठेवलं?"

"म्या. खिडकीतनं ढग आत येत व्हता. त्याला वल लागली तर पोरीचं काम बुडंल की."

लोखंडी कपाटातून वायफाय बाहेर पडत नाही, हे तिला सांगायला वेळ नव्हता. दार उघडताच आतल्या खोलीतून बायको ओरडली, "आलं! आलं! आता कशाला हात लावू नका!" वायर बिजागरीपाशी दबली होती आणि हलवली की नेट जात होतं. यंत्र जिथं होतं तिथंच ठेवणं भाग होतं. पण आमच्या घराची फरशी उतरती आहे, कपाटाचं दार सोडलं की आपोआप मिटतं.

"म्या धरते," आई म्हणाली. "तू पलीकडं व्हय. तुला सारखी चुळबूळ."

तास सुरू झाला. बायको अपूर्णांक शिकवत होती. भाकरीचे तुकडे करून दाखवताना तिचा आवाज असा मोकळा झाला की मला लग्नाआधीची ती आठवली. मी दोनदा तिला बसायला स्टूल नेलं, आईनं दोन्ही वेळा मानेनंच नको म्हटलं. तिचे गुडघे दुखतात. तरी ती दाराला टेकून सगळं ऐकत राहिली.

काम मिळालं, ते पुढे कळलं. विंडोज आणि लिनक्सचं मी जमवलं, हे मी आजही चारचौघांत सांगतो, आणि ते खरंही आहे. पण त्या दिवशीचं आमचं नेट आईच्या हातावर चाललं. तिचे उपकार मानायचे तर ती म्हणते, "सरक तिकडं." म्हणून इथं मानतो.

तास संपला, लॅपटॉप मिटला, बायको डोळे पुसत बाहेर आली. आई अजून दार धरूनच उभी होती. तिनं अगदी हळू आवाजात सुनेला विचारलं, "बाई, आता सोडू का?"