फाउंटनपेनाची सोयरीक

फाउंटनपेन विकत घेतल्यापासून मी लिहायचं जवळजवळ सोडून दिलं होतं.

साधा टाक होता तेव्हा मी भरपूर लिहायचो. मॅट्रिक झालो होतो, कचेरीत उमेदवार होतो (उमेदवार म्हणजे पगार सोडून बाकी सगळी नोकरी!), आणि दिवसभर खर्डेघाशी चालायची. पण फाउंटनपेन ही लिहायची वस्तू नव्हेच. ती खिशाला लावायची वस्तू! आमच्या आळीत फाउंटनपेन फक्त माझ्याकडे होतं, आणि हे लोकांना कळावं म्हणून मी उन्हाळ्यातसुद्धा कोट घालून फिरायचो.

पेन घेतलं ते नंदुरबार स्टेशनावर. सुरतेच्या गाडीनं एक फेरीवाला यायचा. त्याच्या टोपलीत कंगवे, आरसे, चाकू आणि पेनं असत. त्यानं मला एकदा पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं, चांगली पेनं हळूच तळाशी सारली आणि सगळ्यात स्वस्तातलं वर काढलं. माणसं ओळखण्यात पटाईत! काळं कुळकुळीत अंग, पिवळीधमक निब. निबेला सोन्याचं पाणी दिलंय, असं तो शपथेवर म्हणाला. ते पाणी आठवडाभरात धुऊन गेलं.

त्यात शाई भरणं हा एक विधी होता. शाईची वडी पाण्यात विरघळवायची, काचेच्या ड्रॉपरचं रबरी बोंड दाबून शाई ओढायची, आणि पेनाचं मुंडकं काढून पोटात थेंब थेंब सोडायची. हा विधी मी मुद्दाम ओट्यावर बसून करायचो. माझी माय त्या ड्रॉपरला 'पिचकारी' म्हणायची. पेनाचा स्वभाव मात्र विचित्र होता. कागदावर टेकवलं की कडक उपास, आणि खिशात ठेवलं की गळती! माझे सगळे सदरे डाव्या छातीवर निळे होते.

आता मुद्द्याचं सांगतो. मला एक मुलगी आवडली होती.

एका लग्नाच्या पंगतीत ती वाढत होती. देवकी तिचं नाव. खिशातलं पेन तिला दिसावं म्हणून मी छाती पुढे काढून ताठ बसलो होतो. वरणाचा डाव माझ्या पानावर धरून तिनं विचारलं, "पाठ दुखस का तुमनी?"

बस्स! त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

तिचे वडील तात्या तापीकाठचे मोठे शेतकरी. कपाशी, केळी, ऊस, सगळं होतं. देवकीला शहाद्याकडचं एक तालेवार स्थळही आलं होतं. त्या मुलाचे केळीचे मळेच्या मळे, पण सहीच्या जागी अंगठा. तात्यांचं मन दोन्हीकडे झुलत होतं. "वावर मन्हाकडेच भलतं शे," ते आमच्या नातेवाइकांपाशी बोलले होते, "माले लिखनारा जवाई पाहिजे." म्हणजे केळीच्या मळ्यांविरुद्ध माझ्याकडे हत्यार एकच, खिशातलं फाउंटनपेन! ते त्यांच्या डोळ्यांदेखत चालवायचं आणि देवकी जिंकायची, असा माझा बेत होता.

ठरलेल्या दिवशी पहाटे तात्यांच्या गावी निघायचं होतं. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, माय आणि मी. मार्गशीर्षातली कडाक्याची थंडी, बैलगाडीचा प्रवास, आणि दादांचा कान ऐन वेळी ठणकायला लागलेला.

"थांबा, लसूननं तेल टाकी देस," माय म्हणाली.

तेल कोमट झालं. पण कानात सोडायचं कशानं? चमच्यानं सोडलं तर मानेवर ओघळतं. मायची नजर कोनाड्यात गेली. तिथे माझी 'पिचकारी' होती! तिनं त्या पिचकारीनंच तेल ओढलं आणि दादांच्या कानात सोडलं. रबरी बोंडात उरलेली शाईही तेलाबरोबर गेली, ती कंदिलाच्या उजेडात कोणाला दिसणार? वरून कापसाचा बोळा बसवला आणि पिचकारी होती तिथे ठेवून दिली.

मग मी उठलो आणि त्याच तेलकट ड्रॉपरनं पेनात शाई भरली. तीसुद्धा अर्धीच! वाटेत सांडायला नको, हा माझा दूरदर्शीपणा. (अर्धं भरलेलं पेन अंगाच्या उबेनं जास्तच गळतं, ही अक्कल मला पुढे आली. कोट गेल्यावर!)

पोचलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. तात्यांच्या ओसरीवर घोंगड्या अंथरल्या होत्या, गावातली चार वडीलधारी माणसं बसली होती, आणि मधोमध पितळी ताटात पांढरीशुभ्र साखर होती. सोयरीक पक्की झाली की वाटायची ती साखर. माय आत बायकांत गेली. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या आणि मी पुन्हा छाती पुढे काढली.

तात्या म्हणजे भारदस्त माणूस. पांढरं पागोटं आणि त्याहून पांढरी, झुपकेदार मिशी. त्यांना षोक एकच, अत्तराचा. त्या काळी सोयरिकीला जाताना हौशी माणसं अत्तराचा फाया कानात घालून जात. तात्यांची नजर दादांच्या कानातल्या बोळ्यावर गेली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा पाव्हना! फाया लायेल शे वाटस. कोठलं अत्तर?"

दादा गडबडले. कान दुखतोय म्हणावं, तर बहिऱ्याच्या घरात मुलगी कोण देणार, असं त्यांच्या मनात आलं असणार.

"सुरतनं शे," ते म्हणाले. उभ्या जन्मात खोटं न बोललेला माणूस, पण माझ्यासाठी बोलला!

"मंग देखू ना जरा!"

आता मागितलेला फाया नाही कसा म्हणायचा? दादांनी तो कानातून काढून दोन बोटांत धरून अदबीनं पुढे केला. तात्यांनी डोळे मिटले आणि मोठ्या रसिकतेनं तो आपल्या मिशीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग दीर्घ श्वास घेतला.

डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं.

"तेज शे," ते म्हणाले.

"नवी तऱ्हा शे," दादा म्हणाले.

"चटणीनी याद येस!"

"सुरतले तशीच चाल शे आते," दादांनी दडपून दिलं.

एव्हाना तात्यांची मिशी फिकट निळी झाली होती. वडीलधाऱ्या मंडळींनी ती पाहिली आणि चौघंही एकदम छपराची लाकडं मोजायला लागली. यजमानाला त्याच्याच ओसरीवर 'तुमची मिशी निळी झाली' हे कसं सांगायचं, याचा रिवाज कोणालाच माहीत नव्हता. विषय बदलायला हवा होता, आणि तो तात्यांनीच बदलला.

"पोऱ्या लिखस म्हने. आना रे कागद!"

माझा क्षण आला! मी खिशातून पेन काढलं, टोपण फिरवलं आणि शाळेतलं शुद्ध मराठी बाहेर काढलं, "आपणांस काय लिहून दाखवू?"

"पोरनं नाव लिखा. देवकी."

आतल्या बांगड्या थांबल्या. मी निब टेकवली. कागदावर नुसती खरवड उठली. पुन्हा टेकवली, पुन्हा खरवड. लसणीचं तेल निबेत जाऊन बसलं होतं, तिथून शाई कसली उतरते!

"लिखस ना?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"लिहितो ना! थंडीनं जरा आखडलंय," मी म्हणालो आणि पेन झटकलं.

काही नाही. आणखी जोरात झटकलं. तरी काही नाही. मग सगळी मॅट्रिक पणाला लावून असं झटकलं की पेनाचं मुंडकं माझ्या हातात राहिलं आणि धड निघालं! ते तात्यांच्या पागोट्यावर आपटलं, तिथून साखरेच्या ताटात पडलं, आणि त्या दोन्ही मुक्कामांत जेवढी शाई सांडता येईल तेवढी त्यानं सांडली. अर्ध्या पेनात एवढी शाई मावते कशी, हे मला आजवर समजलेलं नाही. मी धावत जाऊन ते उचललं आणि घाबरून छातीशी धरलं, आणि त्याच हातानं तोंड पुसलं. कोटाचं उरलंसुरलंही संपलं.

पागोटं निळं, साखर निळी, मी निळा. आणि या सगळ्यांतून बचावल्यासारखे तात्या माझ्याकडे संतापानं बघत होते. (मिशीचं त्यांना अजून ठाऊकच नव्हतं!) हातातला फाया त्यांनी जरा धीर यावा म्हणून पुन्हा नाकाकडे नेला.

गडबड ऐकून तेवढ्यात माय दारात आली. तिनं ते पाहिलं आणि सगळा पडदा विसरून ओरडली, "आवो, नाकले नका लावू! अत्तर नही ते, लसूननं तेल शे! ह्यासना कान दुखी ऱ्हायना!"

तात्यांचा हात हवेतच थांबला. "तेल? मंग निळं कसाले?"

"पेननी पिचकारीनी टाकं मी," माय रडकुंडीला आली. "मन्हीच चूक व्हयनी."

"तिनी नही," दादा उभे राहिले. "मी खोटं बोलनू. मन्ही चूक."

"दोष सर्वस्वी माझा आहे!" मी म्हणालो. अशा वेळीसुद्धा शुद्ध मराठी! जीभ एकदा तिकडे वळली की लवकर परत येत नाही.

मला वाटलं, दादा आता एक कानफटात देतील. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे भाऊ. कोट गया ते गया." माय पदरानं माझं नाक पुसायला लागली, चार माणसांत, मॅट्रिक झालेल्या मुलाचं! मला रडू येत होतं. देवकी तर गेलीच, पण त्या दोघांवर इतकी माया दाटून आली की केळीच्या मळेवाल्यालाही मी त्या क्षणी माफ केलं.

तात्या उठून आत गेले. मग आत कोणीतरी हसलं. आधी दाबून, मग तोंडावर हात ठेवून, आणि मग घर दणाणेल असं! पाठोपाठ तात्यांचा आवाज, "आरसा दे! आरसा दे म्हनस ना!"

आम्ही वहाणा शोधायला लागलो.

तात्या बाहेर आले. मिशी धुतली होती, त्यामुळे निळा रंग गालांपर्यंत पसरला होता. ते आमच्याकडे बघत राहिले.

"पोर कव्हयनी हासी ऱ्हायनी," ते म्हणाले. "तिले इचारं, तो शहादावाला बरा का? ते मान हालाडस नि परत हासस. आठेच दे म्हनस." (आठेच म्हणजे इथेच, आमच्याच घरात!) मग त्यांनी ताटातली निळी साखर चिमटीत घेतली, दादांच्या तोंडात घातली आणि त्यांना व्याही करून टाकत म्हणाले, "बठा याही! वहाणा कसाले घालतस?"

त्या दिवशी गावभर निळी साखर वाटली गेली, आणि संध्याकाळपर्यंत गावातली निम्मी माणसं निळ्या जिभेनं आमचं कौतुक करत होती.

लग्नानंतर मी बरीच वर्षं ऐटीत होतो. केळीच्या मळ्यांना नकार देऊन मला निवडलं, म्हणजे माझ्यात काहीतरी तेज असणारच! एकदा देवकी भरताची वांगी भाजत बसली होती, तेव्हा न राहवून विचारलं, "तू मन्हामा काय पाह्यं व्हतं व?"

"तुमनामा?" ती वांगं उलटत म्हणाली. "तुमले ते मी धड पाह्यं बी नही. तोंड निळं व्हतं."

"मंग?"

"तुमनी माय नि दादा पाह्यात. इतलं सगळं सांडनं, पन कोनी कोनावर वरडनं नही. जो तो म्हने, मन्ही चूक. मी म्हनं, ह्या घरमा मन्हा हातनं काही सांडनं तरी निभी जाई."

म्हणजे पसंती झाली होती ती सासू-सासऱ्यांची! वांगी घेतली की भाजीवाली वर दोन काड्या कोथिंबीर टाकते ना, तसा मी तिच्या पदरात पडलो होतो.