जिनदत्तअण्णा विलायतेला निघाले

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात सांगलीतल्या आमच्या गल्लीत बातमी उठली, की हळदीचे अडते जिनदत्तअण्णा मगदूम दीक्षा घेणार. संसार सोडणार, पेढी सोडणार, आणि दिगंबर मुनींची रीत म्हणजे अंगावरचं वस्त्रही सोडणार.

बातमी आणली साळूबाईंनी. कढीपत्त्याच्या दोन काड्या हव्यात म्हणून त्यांनी मगदुमांच्या परसावरच्या भिंतीवरून मान वर काढली, तर अण्णा भर उन्हात ताठ उभे. नजर खाली, दोन्ही हातांची ओंजळ, आणि त्या ओंजळीतून जेवण चाललेलं. मुनी असंच जेवतात, उभ्यानं, ओंजळीत. साळूबाई कढीपत्ता विसरल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत मिरवणुकीचा हत्ती कुठून आणायचा यावर दोन तट पडले. तिघीजणी अण्णांच्या बायकोकडे, गुणमालाकाकूंकडे, जाऊन पदर डोळ्यांना लावून बसल्यासुद्धा.

काकू तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"दीक्षा? आवं, सकाळपासनं बंबात पाणी कढत न्हाई म्हणून तीनदा ओरडलाय हा माणूस. ह्यो दीक्षा घेतोय?"

मग खरं काय ते बाहेर आलं. अण्णा वस्त्र सोडणार नव्हते, उलट मे महिन्यात ओव्हरकोटाचं माप देऊन आले होते. भारताचा क्रिकेटचा संघ इंग्लंडला निघाला होता आणि त्याच्या मागोमाग अण्णाही निघाले होते. पहिल्या कसोटीपासून चौथीपर्यंत, गावोगाव फिरत, अख्खा दौरा डोळ्यांनी बघायला. आणि तिथल्या मैदानावर लोक उभ्याउभ्या हातात घेऊन खातात, असं शेजारच्या सुभेदार नाथाजींनी सांगितल्यामुळे, जन्मभर पाटावर बसून जेवलेले अण्णा परसात सराव करत होते.

सुभेदार नाथाजी मूळचे वडूजकडचे. लढाईत इटलीपर्यंत जाऊन आले होते. विलायत त्यांनी पाहिली नव्हती, पण गल्लीत दुसऱ्या कुणी इटलीही पाहिली नव्हती, त्यामुळे समुद्रापलीकडचं सगळं त्यांच्या खात्यात. ओव्हरकोटाची कल्पना त्यांचीच. शिंप्यानं माप घेताना विचारलं, "अस्तर जाड घालू का?" तर सुभेदारांनी परस्पर सांगितलं, "रजईगत घाल. तिथं उन्हाळाच थंडीचा असतोय." कोट आला. अण्णा रोज दुपारी घटकाभर तो घालून ओसरीवर बसत आणि घाम पुसत.

"सवय व्हायला पायजे," ते म्हणत.

"कशाची? घामाची?" काकू विचारत.

अण्णांच्या क्रिकेटच्या वेडाला एकच अडचण होती, ती म्हणजे सूर्य. त्यांच्या घरात सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणीही नाही. आणि इंग्लंडातला खेळ रेडिओवर सुरू होणार आपल्याकडे चहाच्या वेळेला आणि चालणार रात्री निजानीज होईपर्यंत. म्हणजे ऐन रंगाच्या वेळी काकूंची हाक येणार, "आवं, दिवस बुडतोय, जेवून घ्या." एका हातात भाकरी, दुसऱ्या हातानं रेडिओचा कान पिरगाळणं, असं अण्णांचं आयुष्य गेलं. दिवस मावळल्यावर आपली विकेट पडली तर घशाला कोरड पडायची आणि घोटभर पाणी पिऊन दुःख गिळायची सोय नाही. चौऱ्याहत्तर साली तर काकू शेंगा भाजायला आत गेल्या, भाजून बाहेर आल्या, तेवढ्यात आपला अख्खा संघ बेचाळीसात गारद. त्या शेंगा अण्णांनी म्हशीला घातल्या.

अशा माणसाला कुणीतरी सांगितलं, की विलायतेत उन्हाळ्यात सूर्य रात्री नवानंतर मावळतो.

अण्णा दोन दिवस पेढीवर बसून बोटांवर तास मोजत राहिले. तिसऱ्या दिवशी सुभेदारांच्या ओसरीवर जाऊन त्यांनी हळूच विचारलं, "सुभेदार, म्हणजे साडेसहाला खेळ संपला, तरी जेवायला अडीच-तीन तास उजेड?"

"निवांत जेव. वर शतपावली घाल."

तिथंच बेत पक्का झाला. बर्मिंगहॅमला अण्णांचा भाचा डॉक्टर होता, तो म्हणाला, या मामा, राहा. पासपोर्टाचं पुण्याच्या एजंटानं केलं. पेढी धाकट्या भावाच्या हवाली झाली. शेंगापोळ्या, चकल्या, मेतकूट यांचे डबे भरू लागले, कारण कांदा-बटाटा अण्णांना चालत नव्हता आणि त्यावाचून विलायतेत दुसरं काय मिळतं याची सुभेदारांना खात्री नव्हती. पाणी गाळायला फडकी शिवून झाली.

"विलायतेच्या नळाला फडकं बांधणार तू?" सुभेदारांनी विचारलं.

"मग? विलायतेतल्या जिवाणूंना जीव न्हाई व्हय?"

चौथा सामना पर्युषणात येत होता. अण्णांनी त्याचाही तोडगा काढला. त्या दिवसांत उपवासच करायचे, म्हणजे मैदानावर उभ्यानं जेवायचा प्रश्नच मिटला. इतकं चोख नियोजन सुभेदारांच्या पलटणीनंही केलं नसेल. एकच गोष्ट अण्णांच्या ध्यानात आली नाही, आणि ती त्यांना आठवली भर सभेत.

निघायला आठवडा असताना मंदिराच्या सभागृहात त्यांचा निरोपसमारंभ झाला. गल्लीतून परदेशी जाणारा पहिला माणूस, म्हणून झाडून सगळे आले. अण्णा ओव्हरकोट घालून बसलेले, चेहरा भट्टीतल्या विटेसारखा. शाल घालायची तर कोटावरून घालावी लागली. मग मंदिराचे म्हातारे उपाध्ये बोलायला उभे राहिले. सत्कार आहे एवढंच त्यांना सांगितलं होतं, कशाचा ते सांगायचं राहून गेलं.

"जिनदत्ताच्या गुणांचं काय वर्णन करावं," उपाध्ये म्हणाले. "सात वर्षांमागं इथं मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला, तवा कुणी पान सोडलं, कुणी तपकीर सोडली. पण दिग्व्रत घेणारा अख्ख्या गावात एकच निघाला, आपला जिनदत्त. जन्मभर आखलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकणार नाही! पूर्वेला सोलापूर, पश्चिमेला रत्नागिरी, उत्तरेला पुणं, दक्षिणेला बेळगाव. वरच्या दिशेला बाहुबलीचा डोंगर आणि खालच्या दिशेला जमिनीतल्या हळदीच्या पेवाचा तळ. असा त्यागी पुरुष..."

सगळ्या माना अण्णांकडे वळल्या. उपाध्ये आणखी बराच वेळ बोलले. अण्णांनी कोट काढला.

झालं होतं असं. त्या चातुर्मासात महाराज एकेकाला विचारत होते, तू काय सोडतोस? रांग पुढं सरकत होती. अण्णा पडले व्यापारी. त्यांनी मनातल्या मनात सगळी व्रतं बाजारभावानं लावून पाहिली आणि सगळ्यांत स्वस्त होतं ते उचललं. दिशांची मर्यादा! बेळगावच्या खाली त्यांना काम नव्हतं, पुण्याच्या वर त्यांची हळद जायची, ते जात नसत. बाहुबलीच्या डोंगराहून उंच चढायला गुडघे तयार नव्हते. पेवाच्या खाली तर कुणीच जात नाही. काही न सोडता पुण्य पदरात. घरी येताना ते खुशीत शीळ घालत होते. आणि जे व्रत कधी बोचलंच नाही ते आठवणार तरी कसं?

दुसऱ्या दिवशी सुभेदार फटी शोधायला बसले.

"हे बघ मगदूम, पश्चिमेला रत्नागिरी म्हणालास, पर जमिनीवरची का आभाळातली? विमान काय रत्नागिरीवर टेकत न्हाई."

"वरची दिशा बाहुबलीच्या डोंगराइतकीच हाय, सुभेदार."

"मग बोटीनं जा. पानी डोंगराच्या खालीच असतंय."

"आणि मधी अख्खी रत्नागिरी ओलांडली त्याचं काय?"

"आयला," सुभेदार म्हणाले, "इटलीत सुरुंग पेरलेलं रान बी ह्याच्याहून मोकळं होतं."

शेवटी दोघांनी ठरवलं, थेट महाराजांनाच विचारायचं. महाराज विहार करत कराडजवळच्या एका मळ्यात उतरले होते. दोघं एसटीनं गेले. चिंचेखाली पंचवीस-तीस माणसं बसली होती. अण्णांनी नमस्कार केला आणि एका दमात विचारून टाकलं.

"महाराज, दिग्व्रताची हद्द वाढवता येती का?"

"कुठं जायचंय? सम्मेदशिखरजीच्या यात्रेला?"

"न्हाई. इंग्लंड."

"कशाला?"

"खेळ बघायला."

माणसं सावरून बसली. महाराजांनी शांतपणे विचारलं, "केवढा वेळ चालतो?"

"एकेक सामना पाच दिवस."

"आणि पाच दिवसांनी कोण जिंकतं?"

अण्णांना खोटं बोलता येईना. "बऱ्याचदा कुणीच न्हाई, महाराज."

महाराजांनी बसलेल्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाच दिवस एका जागी बसायचं आणि फळाची आशा धरायची नाही. एवढं तुला जमतं? आणि मंदिरात बसलास की घड्याळ बघतोस!"

चिंचेखाली सगळे हसले. सुभेदार सगळ्यांत मोठ्यानं हसले, मग अण्णांकडे बघून त्यांनी हसू आवरलं. हसू ओसरल्यावर महाराज म्हणाले, "व्रत मी दिलं नव्हतं. तू निवडलंस, मी ऐकलं. आता ठेवायचं का सोडायचं, तेही तूच ठरव." आणि ते पुढच्या माणसाकडे वळले.

यापेक्षा नाही म्हणाले असते तर बरं, असं अण्णांना वाटलं. नाही म्हटलं की माणूस चिडतो तरी. परतीच्या गाडीत इस्लामपूर येईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते. सुभेदारांना राहवेना.

"गड्या, अडवलंय कोन तुला? जाऊन ये. आल्यावर चार उपास कर. महाराज काय पोलीस धाडत न्हाईत."

"सुभेदार, तुमी आमच्या पेठेतला सौदा बघितलाय न्हवं? रुमालाखाली हात घालायचा, बोटं धरून भाव ठरवायचा. कुणाला दिसत न्हाई, कागद न्हाई, साक्षीदार न्हाई. सकाळी भाव फिरला म्हणून रात्री धरलेलं बोट मी सोडवलंय, असं कवा ऐकलंय तुमी?"

"ते हळदीचं."

"हे बी तसंच हाय. स्वस्तात पडलं म्हणून मीच उचललं हुतं." अण्णांनी नाक शिंकरलं. "आता भाव वाढलाय."

सुभेदारांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. फटी शोधणं त्यांनी तिथंच सोडलं.

घरी काकू डब्यांना झाकणं लावत होत्या. अण्णांनी त्यांचं तोंड बघूनच ओळखलं.

"तुला आठवत हुतं!"

"न्हाई आठवायला काय झालं? तुमच्या शेजारीच बसले हुते तवा. तुमी दिशा सोडल्या, मी वांगं सोडलं. आपल्या कृष्णाकाठचं वांगं! माझ्यासारखीनं! आणि घरी येताना तुमी मला हसला हुता, की येडी हायस, महाग सौदा केलास. तवापासनं दर हंगामाला भरलं वांगं करून तुमाला वाढते आणि आमटीबरोबर भाकरी खाते."

अण्णा पाटावर टेकले. "मग बोलली का न्हाईस? कोट शिवला, डबे भरले..."

"म्हटलं बघूया तरी, माणूस कुठवर जातोय," काकू म्हणाल्या आणि पदराआड तोंड लपवून इतक्या हसल्या, की साळूबाईंची मान पुन्हा भिंतीवर आली.

थोड्या वेळानं अण्णाही हसले. मग हसता हसता त्यांचे डोळे भरले, कारण रात्री नवापर्यंतचा तो उजेड त्यांना अगदी समोर दिसत होता. काकूंनी चकलीचा डबा उघडून पुढं सरकवला. दिवस अजून मावळायचा होता.

त्या वर्षी वांग्याचा हंगाम आला तेव्हा अण्णांनी ताट पुढं ओढलं, भरल्या वांग्याकडे पाहिलं, आणि आमटी मागितली. व्रत वगैरे काही घेतलं नाही. नुसती आमटी मागितली. पण ती पुढची गोष्ट. त्याआधी जुलै उजाडला आणि विलायतेत कसोट्या सुरू झाल्या. जूनमधल्या विश्वचषकात आपण तीनही सामने हरलो होतो, त्यात कसोटी न खेळणाऱ्या श्रीलंकेकडूनही. पहिल्या कसोटीत तर डावानं हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कोपऱ्यावरच्या पानपट्टीसमोरून पेढीवर निघाले होते. पानपट्टीवाले लालासाहेब अशी संधी सोडणारे नव्हते. चार गिऱ्हाइकं उभी बघून त्यांनी मुद्दाम आवाज चढवला.

"काय अण्णा, आज बर्मिंगहॅमला असायला पायजे हुता तुमी! एवढा कोट शिवला, एवढा सत्कार झाला, शाल घेतली, आणि हितंच व्हय? गेलाच न्हाई तुमी!"

गिऱ्हाइकं हसली. अण्णा थांबले. छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि म्हणाले,

"लालासाहेब, मला व्रत हुतं म्हणून मी गेलो न्हाई. ह्या अकराजणांना तर कसलंच व्रत नव्हतं, ते गेले. त्यांनी तिथं जाऊन काय दिवे लावले?"