इंजिन ऐकल्यावर येतो

उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, हे डॉक्टर सांगत होते तेव्हा अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. साखरेने पाय पोखरला होता. अंगठा काळा पडला होता आणि तो काळेपणा रोज थोडा वर सरकत होता.

"उद्या दुपारपर्यंत ॲडमिट करा. त्यानंतर पाय सोडा, माणूस हातात राहील याची खात्री मी देणार नाही," डॉक्टर मला म्हणाले.

"सरि, सरि," असं कन्नडमध्ये 'बरं, बरं' म्हणत अप्पा उठले. माझ्या खांद्याला धरून रिक्षात बसले. घरी पोचल्यावर मात्र त्यांनी सांगून टाकलं की आपण कुठेही जाणार नाही. आई रडली. मी भांडले, मग हात जोडले. संध्याकाळी कधीतरी ते म्हणाले, "गाडी सुरू कर. एकदा इंजिन ऐकतो. मग तुम्ही म्हणाल तिकडे येतो."

गाडी म्हणजे एका सिलिंडरची विलायती मोटरसायकल, माझ्यापेक्षा वयाने मोठी. मेटगळ्ळीच्या कारखान्यात अप्पांनी फिटर म्हणून आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर हुणसूरकडच्या एका तंबाखूच्या कोठारात त्यांना ती सापडली, सुटी करून बरीचशी पोत्यात भरलेली. टेंपोत घालून ते ती बोगादीला आमच्या घरी घेऊन आले. मी कॉलेजात गणित शिकवते, लग्न केलेलं नाही, आईवडिलांबरोबरच राहते. त्यामुळे रविवारी त्यांच्या हाताखाली मीच. पिस्टनच्या रिंगा मी चढवल्या, टाकीचा गंज मी खरवडला. फक्त मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारं यंत्र, त्यांनी मला लावू दिलं नाही. "हे माझं काम," म्हणाले, "तू कॉफी कर." ते शेवटचं काम होतं. त्यानंतर पाय चिघळला आणि गाडी जोडलेली पण कधीच सुरू न झालेली, तशीच पोर्चमध्ये उभी राहिली.

सकाळी उठल्या उठल्या मी ती फाटकाशी आणली. अप्पा खुर्चीत बसले, बँडेज केलेला पाय स्टुलावर. आईने त्यांची बॅग भरून दाराशी ठेवली होती. त्यांनी बॅगेकडे पाहिलंही नाही.

"वजन टाक, मगळे. ताकद नको," ते म्हणाले. लाडात आले की ते मला कन्नडमधून मुलगी म्हणतात.

मी किकवर उभी राहिले आणि अंग सोडून दिलं. आतून नुसता एक जड सुस्कारा आला. पुन्हा मारली. पुन्हा. माझं वजन बेताचंच. काही वेळा तर मी किकवर उभी आणि किक जागची हलेना.

"कार्ब्युरेटर भरू दे. आता मार. हां, आता."

काही नाही. मग एकदा कार्ब्युरेटरमधून 'फट्' असा आवाज आला, कुणी शिंकावं तसा, आणि पेट्रोलचा वास पसरला. अप्पा खुर्चीत पुढे झुकले. "आली, आली! आणखी एक!"

आणखी एक, आणि आणखी. पुढचा कितीतरी वेळ तो 'फट्'ही आला नाही.

प्लग ओला झाला असेल म्हणून मी तो काढला आणि स्वयंपाकघरात गॅसवर सांडशीत धरून तापवला. आई शेजारी इडलीचं भांडं घेऊन उभी होती. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिने गॅस मोठा केला आणि हळूच विचारलं, "होईल ना गं?"

गरम प्लग बसवला. तळहात भाजला, एवढंच झालं.

समोरचे गृहस्थ दूध घेऊन परत येत होते. पूर्वी लष्करात होते, त्यांना राहवेना. "उतारावर ढकलू या, मॅडम, गिअरमध्ये टाकून," म्हणाले. आमचा रस्ता पुढे रिंगरोडच्या दिशेने उतरत जातो. त्यांनी मागून ढकललं, मी क्लच सोडला. मागचं चाक खरडत गेलं, इंजिन दोनदा शिंकलं आणि उतार संपला. एवढी लोखंडी गाडी पुन्हा चढावर आणताना त्यांना धाप लागली. मी त्यांना घरी पाठवलं आणि उरलेला चढ एकटीने चढले. दर थोड्या अंतरावर थांबून ब्रेक धरायचा, हँडलवर कपाळ टेकायचं. लोक स्कूटरवरून बाजूने जात होते, हॉर्न वाजवत. वर फाटकाशी अप्पा खुर्चीवरून मान उंच करून बघत होते. एवढ्या लांबूनही मला कळलं, त्यांना वाटतंय की गाडी सुरू होऊन येतेय.

"बिडु," मी जवळ आल्यावर ते म्हणाले. "सोड. नाही तर नाही. मी पण जात नाही."

"अप्पा, असं नका ना बोलू."

"काय वाईट बोललो? इथेच बरा आहे मी."

मी किक मारली. रागाने मारली, आणि पाय घसरला. लोखंडी दांडा उसळून नडगीवर बसला. डोळ्यांपुढे अंधारी आली. सलवार फाटली आणि रक्त चपलेपर्यंत उतरलं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडू लागले. एवढ्या वयाची बाई, रस्त्यावर, सकाळच्या वेळी. पाय दुखत होता म्हणून नाही. घड्याळ पुढे चाललं होतं, त्या बँडेजखाली काळेपणा वर चढत होता आणि माझ्या हातात ही मेलेली गाडी होती.

खरं तर मला मघापासून एक शंका होती. ठिणगी पडतेय, पेट्रोल येतंय, आणि तरी इंजिन उलटं शिंकतंय. म्हणजे ठिणगी चुकीच्या वेळी पडते. म्हणजे मॅग्नेटो चुकीचा बसलाय. हे सांगणं म्हणजे अप्पांना सांगणं, की तुमचा हात चुकला. ज्या माणसाचा आज पाय जाणार, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगू? मी किका मारत राहिले होते, ते त्या वाक्यापासून पळण्यासाठी.

"अप्पा," मी जमिनीवरूनच म्हटलं, "टायमिंग चुकलंय. पूर्ण एक फेरा."

आई दारात येऊन थांबली. अप्पा माझ्या नडगीकडे बघत होते.

"खोल," शेवटी म्हणाले.

मी प्लग काढला, कव्हर उघडलं, मॅग्नेटोचा गिअर सैल केला. मी नको नको म्हणत असतानाही त्यांनी मला खुर्ची पुढे ओढायला लावली आणि इंजिनवर वाकले. प्लगच्या भोकावर त्यांनी स्वतःचा अंगठा ठेवला. पिस्टन दाब देत वर येतो तेव्हा तिथून हवा जोरात बाहेर येते, अंगठा उडवते. तीच योग्य वेळ.

"फिरव हळू."

मी हाताने किक दाबली. भोकातून हवा फुस्स करून बाहेर पडली. मला ती ऐकू आली.

"फिरव ना!" ते म्हणाले.

मी पुन्हा फिरवलं. पुन्हा फुस्स. त्यांचा अंगठा तसाच, हललाही नाही. त्यांनी तो उचलला, उलटापालटा करून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"मला वारा लागत नाही," ते म्हणाले. मग आईकडे बघून कन्नडमध्ये तेच सांगितलं, अगदी लहान आवाजात. बोटांची जाणीवही गेली होती, पायासारखीच. त्या दिवशी मॅग्नेटो लावतानाही गेलेली होती, आणि त्यांनी अंदाजाने लावला होता.

मला त्यांच्याकडे बघवेना.

"तुझा ठेव," ते म्हणाले.

मी माझा अंगठा ठेवला. भाजलेल्या हाताचा. आईने पुढे येऊन किक हाताने दाबली. जन्मात तिने त्या गाडीला हात लावला नव्हता. हवेने माझा अंगठा वर ढकलला आणि मी ओरडले, "आला!" तिथेच गिअर आवळला, प्लग परत बसवला. अप्पांनी एकदाही मध्ये हात घातला नाही.

दुखऱ्या पायाने मी उभी राहिले. पहिली किक फुकट गेली. दुसरीही. अप्पांनी डोळे मिटले होते. तिसऱ्या किकला इंजिन धडधडलं, सगळी गाडी माझ्याखाली थरारली, निळा धूर पोर्चपर्यंत पसरला. काही क्षण चाललं असेल. मग खोकलं आणि बंद पडलं. मी लगेच पुन्हा किक मारायला पाय उचलला.

"साकु," अप्पा म्हणाले. "पुरे. शर्ट दे माझा, तो पांढरा."

डॉक्टर माझ्यावर चिडले, उशीर झाला म्हणून. पाय गुडघ्याच्या बराच जवळ कापावा लागला. गुडघा वाचला. माझ्या नडगीला तिथल्याच एका सिस्टरने टाके घातले.

नंतर कित्येक महिने अप्पा पोर्चमध्ये आले नाहीत. खोटा पाय लावून घरातल्या घरात चालायला शिकले. गाडीचं नाव काढलं की विषय बदलत. मी रविवारी एकटीच ती सुरू करायचे, थोडी चालू ठेवायचे आणि बंद करायचे. का, ते मला सांगता आलं नसतं.

मागच्या महिन्यात अशीच सुरू केली होती. आतून त्यांची हाक आली, "टॅपेट वाजतोय, सैल झालाय. ऐकू येत नाही का तुला?"

मी इंजिन बंद केलं आणि पाना आणायला आत गेले.